दहापैकी दहा: भारतीयांमधली एचएलए विविधता आणि न सापडणारे दाते

बकुळफूल | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी मुंबईत एका टिश्यू टायपिंग लॅबमध्ये चौदा वर्षं काम करते. रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या रक्ताच्या नळ्या येतात, आम्ही डीएनए काढतो आणि बोन मॅरो (हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं) बदलण्यासाठी दोघांचं एचएलए जुळतं का ते बघतो. रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांचा प्रश्न एकच असतो, "जुळलं का?" गेल्या आठवड्यात साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलाला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया (मॅरो पुरेसं रक्त बनवत नाही तो आजार), एकच बहीण, आणि ती जुळली नाही. रजिस्ट्रीतही (आपणहून नाव नोंदवलेल्या दात्यांच्या यादीतही) कुणी मिळालं नव्हतं. मुलाचे आजोबा मला म्हणाले, "एकशेचाळीस कोटींचा देश हाय बाई, त्यात एक माणूस गावंना व्हय?"

काउंटरवर गर्दी होती. मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. ते घरी येऊनही डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

आधी एचएलए म्हणजे काय ते. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनांची इवलीशी तबकं असतात. पेशीच्या आत जी प्रथिनं मोडली जातात, त्यांचे तुकडे या तबकात ठेवून पेशी ते बाहेर धरते. रक्तातल्या टी पेशी ही तबकं तपासत फिरतात. तुकडा घरचा असेल तर पुढे सरकतात, विषाणूचा असेल तर त्या पेशीचा नाश करतात. टी पेशी नुसता तुकडा ओळखत नाहीत, तुकडा आणि तबक दोन्ही मिळून ओळखतात. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी हे १९७०च्या दशकात कॅनबेरामध्ये उंदरांवर दाखवलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसातलं पहिलं एचएलए मात्र त्याआधीच, १९५८ मध्ये, फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी शोधलं होतं.

तबकाचा आकार कसा आहे, यावर कुठला तुकडा त्यात बसणार ते ठरतं. सगळ्या माणसांची तबकं एकसारखी असती, तर ज्याचे तुकडे त्यात बसत नाहीत असा एखादा जंतू गावंच्या गावं रिकामी करून गेला असता. हजारो पिढ्या साथींनी माणसाला चाळलं, आणि त्या चाळणीतून वेगवेगळ्या आकारांची तबकं टिकून राहिली. आपल्या जनुकांमध्ये एवढी विविधता दुसरीकडे कुठेही नाही. आजपर्यंत नोंदवलेले एचएलएचे पर्याय चाळीस हजारांच्या आसपास आहेत आणि दर काही महिन्यांनी त्यांत भर पडते.

साथीत जे आपल्याला वाचवतं, तेच बोन मॅरो बदलायची वेळ आली की आडवं येतं. दात्याच्या पेशींना रुग्णाची तबकं परकी वाटली, तर त्या रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात. म्हणून ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ ही पाच जनुकं, प्रत्येकाच्या दोन प्रती, अशा दहा जागा आम्ही पडताळतो. दहापैकी दहा जुळल्या तर उत्तम.

ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे ती सहसा एकगठ्ठा पुढे जातात. अशा एका गठ्ठ्याला पेड म्हणू. वडिलांकडे दोन पेड, आईकडे दोन पेड. मुलाला दोघांकडून एकेक पेड मिळतो. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एकच भावंड असेल तर २५ टक्के, दोन असतील तर ४४, तीन असतील तर ५८. आपल्या आजीच्या काळात घरात सहा-सात भावंडं असायची. आता एक किंवा दोन. म्हणजे बाहेरचा दाता शोधायची वेळ पूर्वीपेक्षा जास्त घरांवर येणार.

आणि बाहेर शोधायला गेलं की आजोबांचा प्रश्न समोर येतो. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या उपखंडात वेगवेगळे लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते. मग ते मिसळणं थांबलं. जातीतच, किंबहुना पोटजातीतच, सोयरिक सुरू झाली आणि पिढ्यानपिढ्या तशीच चालली. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ गट तपासले, त्यांपैकी ८१ गट मूळच्या थोड्या माणसांपासून वाढून आतल्या आतच राहिलेले निघाले. फिनलंडचे लोक आणि युरोपातले अश्कनाझी ज्यू याबाबतीत जगभर प्रसिद्ध आहेत, त्यांच्यापेक्षाही या ८१ गटांमधला हा परिणाम जास्त तीव्र आहे. यांतल्या १४ गटांची लोकसंख्या तर दहा लाखांहून अधिक.

म्हणजे एकशेचाळीस कोटींचा एक समुद्र नाही आजोबा, ही हजारो तळी आहेत, एकातून दुसऱ्यात पाट न काढलेली. काही पेड सगळ्यांत दिसतात. ए*३३:०३ आणि बी*४४:०३ (एचएलएच्या पर्यायांची नावं अशी असतात) ही जोडी मला दर आठवड्याला भेटते, ती अगदी ओळखीची झालीय. पण तुमच्या नातवाचे दोन पेड ज्या तळ्यातले आहेत, त्या तळ्यातल्या किती लोकांनी गालातला स्वॅब दिलाय? भारतातल्या सगळ्या रजिस्ट्र्या मिळून काही लाख दाते आहेत. आठ कोटींच्या जर्मनीत सत्तर लाखांहून जास्त आहेत. शिवाय आपल्याकडची शिबिरं आयटी कंपन्या, कॉलेजं आणि शहरं इथे होतात. माण-खटावच्या धनगरवाड्यात किंवा मेळघाटात स्वॅब घेतलेला मला तरी आठवत नाही. ज्यांचं नाव यादीत नाही, त्यांच्या मुलांना यादीत माणूस मिळत नाही.

इथे डॉक्टर, पालक, दाते असतील तर जरूर लिहा. प्रश्न असतील तर मला येतील तेवढी उत्तरं देईन.

---

घाटमाथा | रविवार, रात्री ९:५०

वाचनखूण साठवली. तबकाचं उदाहरण वाचून पहिल्यांदाच हे डोक्यात शिरलं.

माझा अगदी प्राथमिक प्रश्न. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. मी सगळ्यांना चालतो ना?

---

बकुळफूल | रविवार, रात्री १०:०५

@घाटमाथा, रक्तासाठी तुमचा गट बऱ्याच जणांना चालतो (लाल पेशींच्या बाबतीत, तेही समोरचा पॉझिटिव्ह असेल तर). बोन मॅरोचं गणित वेगळं आहे. लाल पेशींवर एचएलएची तबकं जवळजवळ नसतातच. त्यामुळे रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होतं, आणि झाल्यावर काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. एक मुलगी दर दसऱ्याला लॅबमध्ये पेढे घेऊन येते. तिचा बी होता, आता ए आहे. तिच्या आईने शाळेच्या ओळखपत्रावर तो बदलून घेतला तेव्हा शाळेला पटवायला दोन चकरा माराव्या लागल्या.

---

तिसरापहर | सोमवार, सकाळी ७:२०

ताई, तुमचा लेख रात्री बायकोला वाचून दाखवला. आम्ही सोलापूरचे. मोठी मुलगी थॅलेसेमिया मेजर. सहा महिन्यांची असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. धाकटा झाला, त्याचं एचएलए केलं, पाचच जुळले. रजिस्ट्रीत दोन नावं निघाली. एकाचा फोन लागला नाही, दुसऱ्याच्या घरच्यांनी नको म्हटलं.

आमचं लग्न नात्यातलं. ती माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे ही रीतच आहे, लहानपणापासून ठरलेलं होतं. थॅलेसेमिया मुलीला त्यामुळेच झाला असं चार लोक तोंडावर बोलून गेले. लग्नाआधी दोघांची एक साधी रक्ततपासणी झाली असती तर कळलं असतं, हे खरं आहे, आणि ते आयुष्यभर मनात राहील. पण पुढे झालं असं, की आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, नात्यातलं लग्न आहे तर थांबू नका, चुलते, मावश्या, आत्या, त्यांची मुलं सगळ्यांची तपासणी करा. एकोणीस जणांचे नमुने गेले. माझ्या सख्ख्या चुलतबहिणीचं दहापैकी दहा जुळलं. तिला दोन लेकरं, सासर पंढरपूरला. सासूबाई स्वतः सोबत आल्या होत्या.

प्रत्यारोपण होऊन आता चौदा महिने झाले. मुलगी दुसरीत आहे.

---

बकुळफूल | सोमवार, सकाळी ८:४१

@तिसरापहर दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. सासूबाईंनाही माझा नमस्कार सांगा.

इतरांसाठी थोडं स्पष्ट करते. मामाच्या मुलीशी लग्न झालं की एकच पेड नवरा-बायको दोघांकडे असू शकतो, आणि तोच पेड विस्तारलेल्या घराण्यात इतर ठिकाणीही फिरत असतो. त्यामुळे अशा घरांत चुलत-मावस नात्यात दाता मिळायची शक्यता इतरांपेक्षा बरी असते. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत अशी लग्नं भरपूर होतात, तरी "भावंड नाही जुळलं, संपलं" असं समजून लोक घरी जातात. कृपया तसं करू नका. डॉक्टरांना विचारा.

आणि चार लोक बोलले ते मनाला लावून घेऊ नका. थॅलेसेमियाचे वाहक नात्याबाहेरच्या लग्नातही एकमेकांना भेटतात. सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी समाजांत प्रमाण जास्त आहे, आपल्याकडे इतरही अनेक समाजांत आहे. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासणी करणं, एवढाच त्यावर उपाय आहे.

---

निळीशाई | सोमवार, दुपारी २:३३

मी श्टुटगार्टला असते, मूळची कोल्हापूरची. इथे आले त्या वर्षी ऑफिसात डीकेएमएस या दात्यांच्या रजिस्ट्रीचं शिबिर होतं, गालात स्वॅब फिरवला आणि विसरून गेले. सहा वर्षांनी पत्र आलं. घाबरले, आईला फोन केला. आई म्हणाली, "पाठीच्या कण्यात सुई घालतात, अजिबात जायचं नाही."

तसं काही नसतं हे मला इथे लिहायचंय. पाच दिवस पोटावर छोटी इंजेक्शनं, त्यामुळे स्टेम सेल्स (मॅरोतल्या रक्त बनवणाऱ्या पेशी) रक्तात उतरतात. फ्लूसारखं अंग दुखलं, पॅरासिटामॉलने भागलं. मग एका हातातून रक्त बाहेर, यंत्रातून, दुसऱ्या हातातून परत. साडेचार तास. संध्याकाळी घरी येऊन मी स्वतः पिठलं-भात केला. कधी कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात, पण मणक्याला हात लावत नाहीत.

माझ्या पेशी कुठे गेल्या ते सांगत नाहीत. एवढंच सांगितलं, की रुग्ण जर्मनीबाहेरचा आहे आणि लहान आहे.

प्रश्न: सत्तर लाख जर्मन दाते आहेत, जगभरच्या याद्या जोडलेल्या आहेत, तर आपल्या मुलांना तिथून का मिळू नये?

---

बकुळफूल | सोमवार, रात्री ९:३०

@निळीशाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आवडीच्या विषयात आहे, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

कधीकधी मिळतोही. पण युरोपीय आणि भारतीय पेड वरवर सारखे दिसले तरी आतून वेगळे असतात. युरोपात ए१-बी८-डीआर३ हा पेड फार प्रसिद्ध आहे. आपल्या उत्तर भारतात बी८-डीआर३ दिसतो, पण त्याच्यासोबत ए१ ऐवजी बहुधा ए२६ असतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. नरिंदर मेहरा यांच्या गटाने यावर अनेक वर्षं काम केलं आहे. हा पेड आपल्याकडे वेगळ्या वाटेने तयार झालेला आहे, आणि भारतीय मुलांच्या टाइप १ मधुमेहाशी त्याचा संबंधही त्यांनी दाखवला. तसंच ए२ चं. युरोपात ए२ म्हटलं की बहुतेक वेळा ए*०२:०१. आपल्याकडे ए*०२:११, ए*०२:०६ असे भाऊबंद वारंवार येतात. जुन्या पद्धतीच्या तपासणीत हे सगळे नुसते "ए२" दिसायचे. जुळलं म्हणून आनंद व्हायचा, आणि बारीक तपासणी केली की तो मावळायचा.

यामुळे आणखी एक अडचण होते. कर्करोगावरच्या काही नव्या लसी आणि टी पेशींचे उपचार ए*०२:०१ डोळ्यांसमोर ठेवून बनवले जातात, कारण युरोप-अमेरिकेत तो सर्वाधिक आढळतो. आपल्या रुग्णाकडे ए*०२:११ असेल तर तो उपचार त्याच्यासाठी नाही. जगात विज्ञान कुणासाठी होतं, हे ठरतं कुणाची तपासणी झाली त्यावर.

अमेरिकेतला २०१४ चा मोठा अभ्यास सांगतो, की तिथल्या यादीत युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला उत्तम दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, आणि दक्षिण-मध्य अमेरिकी वंशाच्या काळ्या रुग्णाला १६ टक्के. यादी तीच, देश तोच. तुमच्यासारख्या परदेशातल्या मराठी माणसांनी नावं नोंदवली की ती यादी आपल्यासाठीही थोडी उघडते.

---

कडूलिंब | सोमवार, रात्री १०:१५

थोडं वेगळं विचारते. माझ्या सासूबाईंना चेहऱ्याच्या अर्ध्या भागात विजेचा झटका बसल्यासारख्या कळा यायच्या. एका डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं. कळा थांबल्या. सोळाव्या दिवशी ताप, डोळे लाल, तोंडात फोड आणि मग अंगावरची कातडी भाजल्यासारखी सुटायला लागली. अठरा दिवस आयसीयूत. वाचल्या, पण एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. कुणीतरी तेव्हा म्हणालं, "जीन्समध्ये असतं." ते हेच एचएलए का? आधी तपासता आलं असतं का? हे सात वर्षं मनात आहे.

---

ओपीडीनंबर९ | मंगळवार, पहाटे ५:४८

रात्रपाळी संपवून लिहितोय. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, जिल्हा पातळीवर काम करतो.

@कडूलिंब ताई, होय, हे एचएलएच. तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (अशीच कातडी सुटण्याचा आजार) झालेल्या त्यांच्या सगळ्या रुग्णांकडे एचएलए-बी*१५:०२ हा एकच पर्याय होता. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने आशियाई वंशाच्या रुग्णांना औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करा, असा इशारा दिला. भारतातही २००९ मध्ये मोजक्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला, त्यांतल्या बहुतेकांकडे हाच पर्याय सापडला.

मग आपल्याकडे सरसकट तपासणी का होत नाही? कारण भारतात याचं प्रमाण सगळीकडे सारखं नाही. चीन, थायलंड, मलेशियात ते जास्त आहे. आपल्याकडे एकूण पाहता मध्यम, आणि गटागटांत खूप फरक. सरासरी काढली की धोका लहान दिसतो. ज्या घरात तो पर्याय आहे त्या घराला सरासरीशी काय करायचंय? तपासणी उपलब्ध आहे, महाग आहे, तालुक्याला नाही. शिवाय ती नकारात्मक आली तरी धोका शून्य होत नाही, हेही सांगायला हवं. त्या वेळी तुमच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली नाही यात निष्काळजीपणा होताच असं मी म्हणणार नाही. पण कार्बामाझेपिन सुरू करताना "पहिल्या दोन महिन्यांत ताप, तोंडात फोड, डोळे लाल यांपैकी काही आलं तर गोळी बंद करून लगेच या" हे वाक्य प्रत्येक रुग्णाला सांगितलंच पाहिजे. मी ते मराठीत छापून घेतलंय, प्रिस्क्रिप्शनला टाचून देतो.

सासूबाईंच्या सख्ख्या नात्यातल्या कुणालाही कधी हे औषध लिहून दिलं तर आधी ही हकिकत डॉक्टरांना सांगा.

माझ्या कामातलं दुसरं उदाहरण डॅप्सोनचं. कुष्ठरोगाच्या बहुऔषधी उपचारात हे असतंच. थोड्या रुग्णांना चार-सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, कावीळ अशी भयंकर प्रतिक्रिया येते. २०१३ मध्ये चीनच्या अभ्यासात तिचा संबंध एचएलए-बी*१३:०१ शी लागला. हा पर्याय आशियात आढळतो, युरोपीय लोकांत जवळपास नाही. कुष्ठरोग आज कुणाला होतो ते आपल्याला माहीत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर, नंदुरबारच्या ज्या माणसांना ही गोळी सर्वाधिक दिली जाते, त्यांच्या पाड्यांवर बी*१३:०१ किती आहे, हे मला माझ्या ओपीडीत बसून कळायला हवं. कळत नाही.

---

कडूलिंब | मंगळवार, सकाळी ९:०२

डॉक्टर, सात वर्षांत कुणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं. नणंदेला आणि दिरांना आजच फोन करते.

---

पायवाट | मंगळवार, सकाळी ११:२७

मी गडचिरोलीत काम करतो. डॉक्टरांचं म्हणणं पटतं, पण एक बाजू मांडतो.

आमच्याकडे गाड्या येतात, रक्त घेतात, जातात. काय निघालं ते परत येऊन सांगत नाहीत. एका म्हाताऱ्या माडिया बाईने मला विचारलं होतं, "माझं रक्त आता कुठं आहे?" मला उत्तर देता आलं नाही. अमेरिकेत हवासुपाई आदिवासींचं असंच झालं. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचं रक्त घेतलं, आणि न विचारता इतर संशोधनाला वापरलं. त्यांनी विद्यापीठावर खटला भरला, २०१० मध्ये सात लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि रक्ताचे नमुने परत आले. त्यांनी प्रार्थना करून ते स्वीकारले.

विविधता हवी म्हणून आदिवासींचे नमुने हवेत, हे ठीक. पण गोंडी, माडियात समजावून सांगणारं माणूस हवं, नको म्हणायचा हक्क हवा, आणि जे कळलं ते आधी गावाला कळायला हवं. दाता म्हणून नाव नोंदवून घ्याल, आणि त्याच गावच्या मुलाला मॅरो लागला तर त्याला नागपूरपर्यंत जायला गाडीभाडं कोण देणार?

---

बकुळफूल | मंगळवार, रात्री ८:५५

@पायवाट, तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर वर्मी लागला. मी धनगरवाड्याचं आणि मेळघाटचं नाव सहज लिहून गेले. नुसते स्वॅब गोळा करून उपयोग नाही, उपचारही तिथपर्यंत पोचायला हवा. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियलला डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. चार दशकं झाली, तरी ही केंद्रं आजही मोठ्या शहरांतच आहेत.

जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या ८३ समाजगटांच्या सुमारे दहा हजार लोकांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, त्यांत आदिवासी गटही आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. हे मोठं काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. त्यातलं काय त्या गावांना परत मिळतं, हे तुमच्यासारख्यांनी विचारत राहायला हवं.

---

सरळरेषा | मंगळवार, रात्री ९:४०

सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रश्न विचारू की नको असं झालंय. आमचं लग्न आंतरजातीय आहे, शिवाय आंतरराज्य. मी सांगलीची, नवरा बंगाली. वरचं वाचून असं वाटतं, की आमच्या मुलीला दाता मिळणं सगळ्यात अवघड. म्हणजे जातीत लग्न करणारेच शहाणे ठरले का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हा धागा अशाच अर्थाने पुढे पाठवलाय.

---

बकुळफूल | मंगळवार, रात्री ११:१०

@सरळरेषा, बरं झालं विचारलंत. जे खरं आहे ते लपवत नाही. दोन वेगळ्या तळ्यांतले पेड एका मुलीत आले, की तशीच जोडी असलेला अनोळखी माणूस सापडणं अवघड असतं. मिश्र वंशाच्या रुग्णांचा हा अनुभव जगभर आहे.

पण त्यावरून जातीत लग्न करणं शहाणपणाचं, हा निष्कर्ष अगदी उलटा आहे. बोन मॅरो लागणारी माणसं हजारोंत मोजकी. पोटजातीत पिढ्यानपिढ्या लग्नं केल्याने एकाच बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र येऊन होणारे आजार मात्र कितीतरी घरांत आहेत. दक्षिणेतल्या वैश्य समाजाचं उदाहरण भूलतज्ज्ञांना पाठ असतं. त्यांच्यातल्या काहींना भूल देताना स्नायू सैल करायचं एक नेहमीचं औषध दिलं, की काही मिनिटांत ओसरणारा परिणाम तासन्‌तास टिकतो, कारण ते औषध मोडणारं एन्झाइमच त्यांच्यात नसतं. तुमच्या मुलीला असे आजार होण्याची शक्यता कमी आहे, आणि तिच्याकडे वेगवेगळ्या आकारांची जास्त तबकं आहेत.

राहिला दात्याचा प्रश्न. आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं. आई किंवा वडील नेहमी निम्मे जुळतातच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याची पद्धत विकसित झाली आणि त्यामुळे असं करणं पुष्कळ सुरक्षित झालं. भारतातही होतं. पूर्ण जुळणारा दाता असेल तर बहुतेक डॉक्टर अजूनही तो पसंत करतात, पण दाता नाही म्हणून दार बंद, असं आता राहिलेलं नाही.

आणि ग्रुपवर पाठवणाऱ्यांना माझा निरोप द्या. संगणक जात बघत नाही, दहा जागांवरचे आकडे बघतो. माझ्या लॅबमध्ये एका ब्राह्मण रुग्णाला तमिळनाडूतल्या पूर्णपणे वेगळ्या समाजातल्या दात्याचं दहापैकी दहा जुळलेलं मी स्वतः पाहिलंय.

---

ओटीवरून | बुधवार, दुपारी ३:१५

निवृत्त प्राध्यापक, मानववंशशास्त्र. जातीच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो.

एक नाव म्हणजे एक रक्त, ही समजूतही आपल्याच मातीत तपासली गेली आहे. मुंबईत सांघवी आणि खानोलकर यांनी १९४९ मध्ये सहा अंतर्विवाही गटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तुलनेला घेतले होते. पुढे पुण्यात इरावती कर्वे यांनी के. सी. मल्होत्रांसोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली, ती १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाईंचं म्हणणं असं, की पोटजाती हे एका मूळ जातीचे पडलेले तुकडे नव्हेत. वेगवेगळ्या ठिकाणचे वेगवेगळे समूह एका नावाखाली शेजारी राहू लागले. कुंभारांबद्दलही त्यांनी हेच दाखवलं होतं. तेव्हा त्यांच्या हाती मोजपट्टी आणि रक्तगट होते, डीएनए नव्हता. दाता शोधताना "आमच्या जातीतला आहे, जुळेल" असं धरून चालू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

---

घाटमाथा | बुधवार, रात्री ८:२०

बकुळफूल ताई, बायको सातव्या महिन्यात आहे. नाळेतलं रक्त जपून ठेवायचं पॅकेज घ्या म्हणून रोज फोन येतात. "बाळाचा विमा" म्हणतात. घ्यावं का?

---

बकुळफूल | बुधवार, रात्री ८:४५

@घाटमाथा, आधी अभिनंदन! आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) स्पष्ट सांगितलंय, की बाळाला स्वतःला पुढे उपयोग होईल म्हणून खाजगी बँकेत नाळेचं रक्त ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असेल तर तोच दोष त्या रक्तातही असतो. घरात आधीचं मूल आजारी असेल आणि त्याला उपयोग होण्यासारखा असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोला. एरवी ते पैसे बाळंतपणाला ठेवा.

---

घाटमाथा | शनिवार, संध्याकाळी ६:३०

आज आमच्या तालमीत पोरांना गोळा करून हा धागा वाचून दाखवला. सव्वीस जण तयार झालेत. रजिस्ट्रीशी बोललो, ते किट पाठवतायत. तिघे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांना नाही म्हणावं लागलं, ते नाराज झाले. नाव नोंदवताना पोरांना आणखी काय सांगू?

---

बकुळफूल | शनिवार, रात्री ९:००

सव्वीस! दिवसभराचा शीण गेला.

पोरांना सांगा, की नाव दिलं म्हणजे कदाचित कधीच बोलावणं येणार नाही, किंवा दहा वर्षांनी येईल. नको म्हणायचा हक्क शेवटपर्यंत असतो, पण जो नको म्हणणार असेल त्याने आत्ताच म्हणावं. रुग्णाचा स्वतःचा मॅरो औषधांनी पूर्ण संपवल्यावर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाचा जीव जातो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी आईवडिलांशी, लग्न झालं असेल तर बायकोशी बोलून घ्या. निळीशाईंनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, मणक्याची भीती जाईल. स्वॅब घेण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, तंबाखू तर नाहीच.

आणि मोबाइल नंबर. तिसरापहर दादांच्या मुलीला जुळणाऱ्या एकाचा फोन लागला नव्हता. फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहा, त्याखाली आईचा लिहा, आणि सिम बदललं की रजिस्ट्रीला कळवा. आईचा नंबर सहसा बदलत नाही.

---

घाटमाथा | शनिवार, रात्री ९:१४

लिहून घेतलं. उद्या सकाळी सगळ्यांच्या आयांचे नंबर गोळा करतो.